कुजलेलं शेण, मूठभर युरिया आणि ठकूबाई उतेकर

ठकूबाई उतेकर माणसाकडे बघायची ती ढेकळाकडे बघावं तशी. दाबलं तर फुटेल, की हाताला चिकटून बसेल, की मुळात ढेकूळच नाही, नुसता दगड आहे, एवढंच तिला ठरवायचं असे. बहुतेकांची गणना ती दगडांत करी. माझी तर पहिल्याच दिवशी केली.

मी तेव्हा पोलादपूर तालुक्यात कृषी सहायक होतो. राहायला महाडला, चवदार तळ्यामागच्या आळीत. रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन. माझ्या वाट्याला आलेल्या गावांत आवळकोंड नावाची एक वाडी होती. आंबेनळी घाट चढायला लागायच्या आधी डावीकडे एक कच्चा रस्ता फुटतो, त्याच्या शेवटी. चाळीस घरं, त्यातल्या पंचवीसांना कुलूप. ती गणपतीत आणि शिमग्याला उघडत. उरलेल्या पंधरांत म्हातारी माणसं, आणि त्या म्हाताऱ्यांत सगळ्यात काटक ठकूबाई.

नवरा मुंबईत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होता. तो जाऊन बारा वर्षं झाली होती. त्याच्याविषयी मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मानूस बरा व्हता. वर्सातनं वीस दिस कुनीबी बराच असतो." एकुलती मुलगी दर्शना दासगावला दिलेली. घरात ही एकटी, आणि गोठ्यात दोन म्हशी, चंद्री आणि भोरी. पोलादपूरच्या दोन हॉटेलांना तिचं दूध जायचं. हॉटेलवाले दुधात पाणी घालतात हे तिला माहीत होतं, त्यामुळे तेही दगड.

एकवीस सालच्या जुलैत डोंगरावरून पाणी आलं तेव्हा तिच्या शेताशेजारचा ओहोळ बांध फोडून आत शिरला. चार खाचरांतली हातभर माती घेऊन गेला. खाली उरला पिवळा मुरूम आणि नारळाएवढाले गोटे. मी पंचनाम्याचा कागद घेऊन गेलो तेव्हा ती त्याच मुरुमावर उभी होती.

"काय लिवताव?"

"किती क्षेत्र बाधित झालं ते."

"लिवा, माती गेली. कुठं गेली ते बी लिवा. दासगावात माझ्या लेकीच्या घरात मांडीभर चिखल हाय. तो माझाच. वळखते मी."

मी उगाच हसलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या क्षणी माझा निकाल लागला.

त्या मुरुमात भात येणं शक्यच नव्हतं. कोणी दुसरी असती तर लेकीकडे जाऊन राहिली असती. ही गोटे वेचायला लागली. दिवाळीपर्यंत तिने त्या गोट्यांचा नवा बांध रचला आणि ओहोळाच्या वळणावर साठलेला गाळ पाटीपाटीने डोक्यावरून आणून टाकला. येताजाता लोक म्हणत, "ठकूबाई, कशाला मरतंस?" ती पाटी रिकामी करून परत ओहोळाकडे वळे.

मी तिला सांगितलं की भाताचा नाद सोडा, वैरण लावा. संकरित नेपियर, ज्याला आपल्याकडे हत्ती गवत म्हणतात, त्याची मुळं माती धरून ठेवतील, म्हशींना बारमाही हिरवा चारा होईल, आणि म्हशींचं शेण परत त्याच जमिनीत जाईल. मातीचा नमुनाही तपासून आणला. माती आंबट झालेली, सेंद्रिय कर्ब जवळजवळ नाहीच. मी म्हटलं, "गुंठ्याला बारा पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत, थोडा चुना, थोडं सुपर फॉस्फेट. आणि प्रत्येक कापणीनंतर ओलीवर गुंठ्याला किलोभर युरिया. जास्त नाही. नुसत्या शेणखताने ही माती उभी राहायला दहा वर्षं लागतील, आणि नुसत्या युरियाने ती कधीच उभी राहणार नाही. दोन्ही एकत्र पाहिजेत."

"सायब," ती म्हणाली, "तुमी कदी शेन उचललंय?"

"नाही."

"दिसतंच हाय."

नेपियरच्या कांड्या मात्र तिने ठेवून घेतल्या. माझं ऐकलं नाही ते नाहीच. उकिरड्यावरचं ओलं, अर्धकच्चं शेण नेऊन तिने खाचरांत ओतलं आणि कांड्या लावल्या. श्रावणात गवत वीतभर वाढलं आणि मग जागच्या जागी वाळायला लागलं. उपटून पाहिलं तर मुळं साफ खाल्लेली, खाली हुमणीच्या पांढऱ्या जाड अळ्या. कच्चं शेण म्हणजे हुमणीला जेवणाचं आमंत्रण. तिने मला बोलावणं पाठवलं. मला मनातून बरं वाटलं हे कबूल करतो. सरकारी माणसाला आपण बरोबर ठरण्याचे दिवस फार येत नाहीत.

दुसऱ्या वर्षी तिने खड्डा खणला. शेण, पालापाचोळा, म्हशींनी खाऊन उरवलेला चघळ, चुलीतली राख, सगळं थराथराने घालून सहा महिने कुजवलं. आणि मग तिने एक काम केलं जे माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्या कोणाला आपणहून करताना पाहिलं नाही. एका खाचराच्या तिने चार पट्ट्या पाडल्या. एकीत काहीच नाही. दुसरीत नुसतं कुजलेलं खत. तिसरीत नुसता युरिया. चौथीत दोन्ही.

"शिकलात की काकू," मी म्हटलं.

"शिकले बिकले काय नाय. तुमचं तोंड बंद करायचं हाय मना."

पहिल्या कापणीला युरियाची पट्टी सगळ्यात उंच आली. ठकूबाई माझ्याकडे बघून हसली, कारण मी सांगितलेली चौथी पट्टी हातभर बुटकी होती. दुसऱ्या कापणीला दोन्ही सारख्या. तिसऱ्या कापणीला युरियाच्या पट्टीची पानं पिवळी पडली, माती कौलासारखी कडक झाली, शिंपलेलं पाणी वरूनच वाहून जायला लागलं. नुसत्या खताची पट्टी रोडावलेली, पण तग धरून होती. चौथ्या पट्टीतून ती डोक्यावरचे पाच भारे घेऊन गेली, बाकी कुठल्याच पट्टीत तीनच्या वर गेले नाहीत. तिथे कुदळ घातली तर माती भुसभुशीत निघायची, आणि गांडुळं. त्या मुरुमात गांडुळं!

मला वाटलं, आता तरी दोन शब्द बरे बोलेल. ती म्हणाली, "हे आदीच नीट सांगितलं असतंत तर माझं एक वर्स वाचलं असतं."

ह्याच सुमाराला भिकू चोरगे गावी परतला. शेजारचंच घर, शेजारचंच शेत. मुंबईत नरिमन पॉईंटच्या एका इमारतीत त्याने अठ्ठावीस वर्षं लिफ्ट चालवली होती. आल्याबरोबर दोन मुऱ्हा म्हशी आणल्या, पाण्याचा पंप बसवला आणि कार्तिकात दहा गुंठ्यांवर चाऱ्याचा मका पेरला. ठकूबाईचं हिरवंगार गवत रोज नजरेसमोर. त्याने बांधावरून विचारलं, "वहिनी, क्या डालते हो? युरिया ना?"

"खत बी घालते आनि युरिया बी. मापानं."

"खत का झंझट अपनेको नाय जमनार. युरियाच मारतो डबल."

ती मला नंतर म्हणाली, "आयुष्यभर बटान दाबलं की डबा वर गेला. आता वाटतंय गवत बी तसंच वर जाईल."

मी वाडीत एक बैठक घेतली, समाजमंदिरात. चाऱ्याच्या पिकाला युरिया प्रमाणाबाहेर पडला तर काय होतं ते मी सांगितलं. पीक नत्र ओढून घेतं, पण ते पचवायला त्याला ऊन लागतं. आभाळ आठ दिवस भरलेलं असेल तर ते नत्र धाटात आणि पानात तसंच साठून राहतं. पीक काळपट हिरवं, फार सुंदर दिसतं, आणि तसला चारा उपाशी जनावराने पोटभर खाल्ला तर दोन-तीन तासांत जनावर जातं. युरिया टाकल्यावर पंधरा दिवस तरी कापू नका, आणि ढगाळ असेल तर त्याहून जास्त थांबा. भिकू मागे बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता. ठकूबाई खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली. ती झोपली नव्हती.

आता विनीतबद्दल. विनीत ठकूबाईचा पुतण्या, तिच्या दिराचा मुलगा. दीर कल्याणला, विनीतही तिथलाच. नोकरी सोडून तो गावाला आला तो एक कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि 'विषमुक्त कोकण' नावाचं चॅनेल घेऊन. वाडवडिलांच्या शेतातला बापाचा वाटा त्याने कसायला घेतला. गूळ, बेसन, गोमूत्र आणि शेण कालवून तो पिंपभर जीवामृत करायचा आणि त्यावर बोलायचा. जीवामृताशी माझं भांडण नाही. ज्या मातीत आधीच जीव आहे तिथे ते उपयोगी पडतं. पण ह्याच्या वाट्याला आलेला तुकडा वाहून गेलेला मुरूम. त्यावर त्याने ना गाळ टाकला, ना खत. आठवड्यातून एकदा पिंप ओतायचा आणि मोबाइलसमोर हात जोडून म्हणायचा, "माती आई आहे, मित्रांनो."

"आई हाय तर तिला जेवाया घाल की रे," ठकूबाई म्हणायची. "नुसतं सरबत पाजतंस."

त्याचं गवत गुडघ्याच्या वर कधी गेलं नाही. तेव्हा तो चित्रीकरणाला ठकूबाईच्या खाचरात यायला लागला. तिच्या गवतात उभा राहून लोकांना सांगायचा की इथे एक कणही रसायन पडत नाही. एकदा ती युरियाची अर्धी गोणी घेऊनच कॅमेऱ्यासमोर आली. "ही बी दाव त्यास्नी." त्याने कॅमेरा बंद केला. "काकी, प्लीज. लोकांना हे समजणार नाही."

"समजनार नाय तं दावतंस कशाला?"

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि मीही तसंच नेत होतो. त्या पोराच्या प्रत्येक व्हिडिओवर मी आणि माझे दोन सहकारी ऑफिसात बसून टिंगल करायचो. टिंगल करायला काही कष्ट लागत नाहीत.

मग तो जानेवारी आला. विसाव्या तारखेपासून आभाळ भरलेलं, ऊन नावाला नाही. आंबेवाले मोहोराच्या काळजीत. मंगळवारी भिकूने कमरेएवढ्या मक्याला दोन गोण्या युरिया फेकला आणि वर पंपाचं पाणी सोडलं. दहा गुंठ्यांना दोन गोण्या, म्हणजे गुंठ्याला नऊ किलो. ठकूबाईने ते बांधावरून पाहिलं. शनिवारपर्यंत मका असा काळा हिरवा झाला की रस्त्यावरून जाणारे थांबून बघत.

शनिवारी भिकूची बायको मंजुळा पाण्याची कळशी घेऊन ठकूबाईच्या ओट्यापाशी थांबली. मंजुळा मुंबईला कधी राहिलीच नव्हती. ती इथेच सासू-सासऱ्यांचं करत म्हातारी झालेली. बाई शहाणी होती. तिने विचारलं, "वहिनी, मका लई काळा पडलाय. बरा हाय ना तो?"

ठकूबाई शेणी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मना काय इचारतंस? तुज्या नवऱ्याला इचार. त्यानं मुंबय बगितलीय."

मंजुळा गेली.

सव्वीस जानेवारीला रविवार होता. दर्शनाच्या मुलीचं बारसं, म्हणून ठकूबाई सकाळीच दासगावला गेली. जाताना विनीतला सांगून गेली, "पेंढा घाल आनि वरच्या तुकड्यातलं गवत घाल. दुसरं काय नाय." विनीतने होय म्हटलं. त्याच दिवशी त्याने आपल्या चॅनेलवरच्या बारा जणांना 'विषमुक्त गोठा' बघायला बोलावलं होतं. महाबळेश्वरला निघालेली मुंबईची माणसं, वाटेत थांबून म्हशीला हाताने चारा घालणार होती.

वरच्या तुकड्यातलं बरंचसं गवत चार दिवसांपूर्वीच कापून झालेलं होतं. उरलेलं जाड, राठ, फोटोत काही उठून दिसण्यासारखं नव्हतं. विनीतने बांधापलीकडे पाहिलं. भिकूला विचारलं, भिकू खूश झाला. आपला मका मुंबईकरांपुढे जाणार! त्याने स्वतः दोन मोठे भारे कापून दिले. आणि विनीतने आणखी एक गोष्ट केली, जी मी आजही त्याला माफ केलेली नाही. म्हशी पाहुण्यांच्या हातून चटचट खाव्यात म्हणून त्याने त्यांना सकाळपासून उपाशी ठेवलं.

अकराला पाहुणे आले. म्हशींनी अधाशासारखा मका खाल्ला. पाहुण्यांनी फोटो काढले, पिठलं-भाकरी खाल्ली. पाऊण वाजता चंद्री थरथरायला लागली. तोंडाला फेस, श्वास भात्यासारखा. मग भोरीचे पाय लटपटले. एक बाई रडायला लागली. एक गृहस्थ चित्रण करत राहिले. बाकीच्यांनी घड्याळ पाहिलं, कारण सूर्यास्ताच्या आत घाट चढून वर पॉइंटवर पोचायचं होतं. दीडला त्यांच्या दोन्ही गाड्या निघून गेल्या.

विनीतने मला फोन केला. मी झेंडावंदन उरकून महाडला घरी आलेलो. त्याचं बोलणं नीट लागेना. मी फक्त विचारलं, "काय खाल्लं?" तो म्हणाला, "मका." मी विचारलं, "कोणाचा?" "शेजारचा." मला कळलं. मी पोलादपूरच्या पशुवैद्य वैशाली सकपाळ यांना फोन लावला, लक्षणं सांगितली आणि गाडी काढली. सुटीचा दिवस असून त्या माझ्या आधी पोचल्या होत्या.

मी गोठ्यात शिरलो तेव्हा चंद्री आडवी होती आणि तिचं संपलं होतं. डॉक्टरांनी भोरीच्या कानातून काढलेलं रक्त मला दाखवलं. लाल नव्हतं. उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी. त्यांनी शिरेतून निळं औषध सोडलं, हळूहळू, एक हात भोरीच्या मानेवर ठेवून. विनीत कोपऱ्यात उभा होता. म्हणाला, "पण तो तर नैसर्गिक चारा होता. मकाच तर आहे."

डॉक्टर मागे न वळता म्हणाल्या, "बाहेर उभे राहा."

ठकूबाई साडेतीनला आली. दर्शनाला फोन गेला होता. महाडपर्यंत मिनिडोर रिक्षा, पुढे कोणाची तरी मोटारसायकल. अंगावर बारशाचं नवं लुगडं. मला वाटलं आता आभाळ कोसळेल. तिने चंद्रीकडे पाहिलं. गव्हाणीत हात घालून मक्याचं एक पान उचललं, मोडलं, बोटांत चुरगळलं.

"भिकूचा?"

"हो काकी," विनीत म्हणाला.

ती वळली आणि धावत सुटली. साठ वर्षांची बाई, नवं लुगडं खोचून, बांधावरून उडी मारून. मी मागोमाग; भोरीच्या गडबडीत शेजारी जाऊन सावध करायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. भिकूच्या गोठ्यात चारच्या वैरणीची वेळ झाली होती. मंजुळा मक्याचा भारा सोडून गव्हाणीत टाकत होती, एक म्हैस मान लांब करून खायला लागलेली. ठकूबाईने तिच्या तोंडातून मक्याचं धाट ओढून काढलं, भारा उचलून अंगणात भिरकावला.

भिकू ओट्यावरून उठला. "वहिनी, ये क्या है?"

"चंद्री मेली माझी. तुजा मका खाऊन मेली. दोन गोनी फेकलंस नाय एका दिसात? तुजी बी मेली असती आता."

भिकू खाली बसला. त्याच्या तोंडून मराठीही फुटेना आणि हिंदीही.

मग ठकूबाई मंजुळाकडे वळली. तिचा श्वास अजून लागत होता. म्हणाली, "काल तू इचारलंस ना गो? तवा मना ठाव व्हतं. मंगळवारीच ठाव व्हतं. सायबानं सांगितलं व्हतं, माझ्या ध्यानात व्हतं सगळं."

मंजुळाने तिच्याकडे बघत विचारलं, "मग बोलली का नाय?"

"मजा बगत व्हते."

मंजुळाने गव्हाणीत उरलेली पानं उपसून बाहेर टाकली. मीही बाजूलाच उभा होतो आणि मला तिथे उभं राहवेना, कारण ऑफिसातल्या आमच्या हसण्याची मला आठवण झाली. विनीतच्या तुकड्यावर जाऊन कुदळ हातात घेऊन दोन शब्द नीट सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं.

अंधार पडायच्या आत भोरी उठून उभी राहिली. चंद्रीला आम्ही त्याच संध्याकाळी वरच्या माळावर पुरलं, चुना टाकून. खड्डा विनीत आणि भिकूने खणला. ठकूबाई काठावर बसून होती. विनीतच्या हाताला फोड आले, त्याने ते दाखवले. तिने पाहिलेसुद्धा नाहीत.

चार दिवसांनी विनीतने व्हिडिओ टाकला. पाहुणे, हसरी तोंडं, चंद्रीच्या तोंडात मक्याचं पान. पुढचं सगळं कापलेलं. दर्शनाने तो आईला दाखवला. ठकूबाईने एकदा पाहिला, परत लावायला सांगितला. दुसऱ्यांदा ती फक्त चंद्रीकडेच बघत होती, असं दर्शनाने मला सांगितलं. मग विनीतला फोन लावून ती म्हणाली, "काडू नको तो. पन खाली लिव, की ती त्याच दिशी मेली. आनि कशानं मेली ते बी लिव." त्याने होय म्हटलं. लिहिलं काहीच नाही. उलट खाली कोणी काही लिहू नये अशी सोय करून ठेवली.

ती त्याच्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुज्या बापाचा तुकडा तुजा. माज्या गोठ्यात पाय ठेवायचा नाय." पावसाळा यायच्या आत विनीत कल्याणला परत गेला. हल्ली तो शेअर बाजारावर बोलतो म्हणे. तिथेही हात जोडतो की नाही ते मी पाहिलेलं नाही. त्याचा तुकडा आता ठकूबाईच करते. तिने कोणाला विचारलं नाही आणि कोणी तिला अडवलं नाही.

भिकूच्या उभ्या मक्याचं काय करायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, ऊन पडू दे, तीन आठवडे थांबा, मग बुंधा वीतभर सोडून वरचा कापा आणि पेंढ्यात मिसळून थोडाथोडा घाला. ठकूबाई रोज सकाळी भिकूच्या बांधावर जाऊन पिकाचा रंग बघायची आणि भिकूला शिव्या घालून परत यायची. तिसऱ्या आठवड्यानंतर एका सकाळी शिव्या न घालता म्हणाली, "काप आता." भिकूने कापला. काही झालं नाही.

पुढच्या हंगामात मंजुळाने शेताचा कारभार आपल्या हातात घेतला. दोघींनी मिळून दोन खड्डे खणले. भिकूच्या दहा गुंठ्यांत पहिल्यांदा शेणखत पडलं, एकशेवीस पाट्या, आणि युरिया मोजून, तीन हप्त्यांत, तांदूळ मोजायच्या पायलीने. भिकूला पायली धरून ओळीने चालायला लावलं होतं. बांधावर ठकूबाई. "हात आकड लिफ्टवाल्या! तुजं घर नाय जळत, जमीन जळतेय." भिकू हात आखडून चालत होता. मक्यासोबत मंजुळाने मधल्या ओळींत चवळीही पेरली. तेवढाच युरिया कमी. ती कल्पना तिची स्वतःची. ठकूबाईने ती बघून तोंड वाकडं केलं आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच्या खाचरात चवळी टाकली.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. जायच्या आधी शेवटचा मातीचा नमुना ठकूबाईच्या खाचरातला काढला. कर्ब दुपटीच्या जवळ गेलेला, आंबटपणा उतरलेला. मी तिला कागद वाचून दाखवला.

"हे कागदावर आनाया तुमास्नी चार वर्सं लागली," ती म्हणाली. "मना पायाला कळतंय."

ह्या जानेवारीत पुन्हा चारेक दिवस आभाळ होतं. मी सहज म्हणून आवळकोंडला गेलो होतो. मंजुळा विळा घेऊन शेतात उतरत होती. ठकूबाई आपल्या ओट्यावरून ओरडली, "मंजुळे, आज कापू नको गो! बुदवारी युरियाचा हप्ता टाकलायस, इसरलीस? अक्कल गहान टाकलीय काय?" मंजुळा हसली आणि परत फिरली. मी म्हटलं, "काकू, जरा गोड बोलला असतात तर?"

"गोड बोलाया कोन हाय ती माजी?" ती म्हणाली. "वेळेत बोलले, बास."

गोठ्यात भोरी रवंथ करत होती. तिच्या शेजारी नवी म्हैस बांधलेली, गेल्या दिवाळीत महाडच्या बाजारातून आणलेली. मी तिचं नाव विचारलं. ठकूबाईने नावच ठेवलं नव्हतं. म्हैस पेंढ्यातलं गवत तेवढं निवडून खाते, पेंढा पायाखाली तुडवते, आणि दूध काढताना लाथ मारते. तिच्याबद्दल ठकूबाईचं मत फारसं बरं नाही.